कारलं सोडून चालत नाही

साताऱ्याच्या एका गृहस्थांनी काशीत कारलं सोडलं आणि त्यांच्या पत्नीनं त्यांच्याशी बोलणं सोडलं. हे भांडण शेवटी माझ्या टेबलापर्यंत आलं, कारण आमच्या यात्री-निवासात भांडायला तेवढी एकच मोकळी जागा होती.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. काशीला आलं की आपल्या आवडीचं एखादं फळ, एखादी भाजी किंवा एखादा पदार्थ कायमचा सोडायचा, अशी आपल्याकडे पद्धत आहे. कुणी गयेला सोडतात, कुणी इथे गंगेत उभं राहून सोडतात. त्या बाईंनी हापूस आंबा सोडला होता, आणि घाटाच्या पायरीवर बसून त्याच्यासाठी चार टिपंही गाळली होती. यजमानांनी सोडलं कारलं, जे त्यांनी उभ्या जन्मात तोंडात घातलं नव्हतं. बाईंनी मला विचारलं, "ताई, तुम्ही इथल्याच. हे चालतं का, तुम्हीच सांगा." मी म्हटलं, शास्त्र काय ते गुरुजी सांगतील, पण आमच्या निवासात कारलं सोडून चालत नाही. गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी मुकाट्यानं पुन्हा गंगेवर गेले आणि कंदी पेढे सोडून आले. परतीच्या गाडीत बसेपर्यंत त्यांचा चेहरा उतरलेला होता. बाई मात्र खुशीत होत्या.

हा किस्सा पुढे मी किती यात्रेकरूंना सांगितला असेल, गणती नाही. पण तो एक दिवस आमच्या संस्थेच्याच कामी येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

मी कुमुद. जन्म काशीतला, मराठी घरातली आणि हिंदी गल्लीतली. रामघाटाच्या वरच्या अंगाला मराठी यात्रेकरूंसाठी एक निवास आहे, त्याची मी व्यवस्थापिका होते. संस्थेचं नाव लिहीत नाही. विश्वस्त मंडळी भली आहेत, पण नाव छापलं की त्याच्याखाली मी काय काय लिहिलंय हे ती भिंग घेऊन बघत बसतील. मी स्वतः संकठा घाटाजवळ दोन खोल्यांत राहते. लग्न केलं नाही. भाऊ बंगळूरला स्थायिक झाला, तो दर रविवारी फोन करतो आणि मी त्याला दर रविवारी सांगते की मी ठीक आहे.

व्यवस्थापिका म्हणजे नेमकं काय करता, असं मला पुष्कळ जण विचारायचे. खोली दाखवणं आणि किल्ली देणं, हे कुणीही करेल. पण नांदेडच्या माणसाला ज्वारीची भाकरी हवी असते आणि काशीत ज्वारीचं पीठ शोधावं लागतं. कोकणातल्या माणसाला दोन्ही वेळा भात लागतो. पुणेकरांना पाणी उकळलेलं आहे याची खात्री हवी असते, आणि ती दिली तरी ते बाटली विकतच घेतात. कुणाला कोणते गुरुजी, कुणाला कोणता नाववाला, गंगेच्या गडूचं तोंड पक्कं बंद करून देणारा कारागीर आज दुकानात आहे की मुलीच्या सासरी गेलाय, हे सगळं डोक्यात ठेवायचं. नागपूरच्या एका प्राध्यापकांना अशी खोली हवी होती, जिच्यातून गंगा दिसेल पण देवळाची घंटा ऐकू येणार नाही. मी सांगितलं, अशी खोली आहे, पण ती काशीत नाही. ते रागावले, तरी राहिले, आणि पुढच्या वर्षी बहिणीला घेऊन पुन्हा आले.

हे सगळं वरवरचं झालं. आमचं खरं काम वेगळंच होतं.

काशीत पुष्कळ लॉजवाले एकट्या आलेल्या म्हाताऱ्या माणसाला खोली देत नाहीत. त्यांना वाटतं, हा इथे देह ठेवायलाच आलाय. मग पोलीस आले, चौकशी आली, गावाकडच्या नातेवाइकांचा शोध आला. त्यांना धंदा करायचा असतो, त्यांचं अगदीच चुकतं असंही मी म्हणणार नाही. आमच्या संस्थापकांनी मात्र बरोबर उलटा नियम घालून दिला होता. तळमजल्यावरची दारासमोरची खोली एकट्यासाठी राखून ठेवायची, आणि तो आला की त्याला सोबत जोडून द्यायची. म्हणजे निवासात उतरलेल्या दुसऱ्या कुणाबरोबर तरी त्याची गाठ घालून द्यायची. एकट्यानं कुणी गंगेवर जायचं नाही.

ही सोबत लावणं हा माझा अगदी आवडीचा उद्योग. संध्याकाळच्या पंगतीत वाढायच्या निमित्तानं मी फिरायचे आणि माणसं बघून ठेवायचे. एका निवृत्त तहसीलदारांना मी लातूरच्या एका कुटुंबाबरोबर जोडून दिलं होतं. त्या कुटुंबाला कुणीतरी शिस्त लावणारं हवं होतं आणि तहसीलदारांना कुणाला तरी शिस्त लावायची होती. पुढे ते दर दिवाळीला लातूरला जाऊ लागले. रत्नागिरीच्या आणि बीडच्या दोन आजी भाजीत खोबरं घालायचं की शेंगदाण्याचं कूट, यावरून अबोला धरून बसल्या होत्या. मी त्यांनाच एकत्र नावेत बसवलं आणि त्या पुढे गयेलाही एकत्र गेल्या. यातलं एक सूत्र मला पहिल्या काही वर्षांत उमगलं होतं. दोन बोलक्या माणसांना कधी एकत्र जोडायचं नाही. एक बोलणारा हवा आणि एक ऐकणारा हवा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना संस्थेला निखिल हे नवे सचिव मिळाले. पुण्यातल्या मोठ्या कंपनीत होते, वयानं माझ्या भाच्याएवढे, हुशार आणि कष्टाळू. त्यांनी आल्या आल्या गळके नळ बदलून घेतले, त्यामुळे माझं त्यांच्याबद्दल मत फार चांगलं होतं. एक दिवस त्यांचा व्हॉट्सॲपवर निरोप आला की संस्थेचं मिशन आणि व्हिजन ठरवायचं आहे, त्यासाठी सगळे विश्वस्त काशीला येत आहेत. आमचे अध्यक्ष बापूसाहेब चांगले वयोवृद्ध आहेत. त्यांनी मला फोन करून विचारलं, हे दोन कोण आणि त्यांची उतरायची सोय कुठे केली आहे.

मंडळी आली. त्यांच्याबरोबर मृणाल नावाच्या एक बाई होत्या. संस्थांना असली कामं शिकवणं हाच त्यांचा व्यवसाय. मी आधी जरा फटकूनच होते, पण बाई चांगल्या निघाल्या. स्वयंपाकघरात पाटावर बसून आमचे आचारी शिवमूरत महाराज यांच्या हातची कचौडी खाल्ली आणि मला अगदी साध्या शब्दांत समजावलं. म्हणाल्या, मिशन म्हणजे आपण रोज कुणासाठी काय करतो ते. आणि व्हिजन म्हणजे ते काम नीट करत राहिलो तर पुढे जगात काय दिसायला हवं ते. मग त्यांनी नावेचा दाखला दिला. वल्हं मारणं हे मिशन आणि पलीकडचा रामनगरचा किनारा हे व्हिजन.

मी म्हटलं, दाखला छान आहे, पण आमचा नाववाला किनाऱ्याकडे पाठ करून वल्हं मारतो. आता बहुतेक नावांना मोटर बसली आहे, तरी वल्ह्याच्या नावा अजून दिसतात, उद्या नीट बघा.

"मग त्याला दिशा कशी कळते?" मृणालनी विचारलं.

"ज्या घाटावरून निघाला तो घाट डोळ्यांसमोर सरळ ठेवतो," मी म्हटलं. "तो तिरपा दिसायला लागला की समजायचं, नाव भरकटली."

त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. मग म्हणाल्या, हे मी उद्या बैठकीत सांगू का? मी म्हटलं, खुशाल सांगा, नाववाला काही हक्क सांगायला येत नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक सुरू झाली. मृणालनी नाववाल्याचा दाखला देऊन विचारलं, तुमची नाव निघाली तो घाट कोणता, आणि जो तो विचारात पडला. घर विश्वस्तांनीच भरून गेलं होतं, त्यामुळे दारासमोरची राखीव खोलीही बैठकीसाठी घेतली होती. तिथे पडदा लावला, खुर्च्या मांडल्या. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि प्रत्येक चिठ्ठीवर संस्थेनं पुढे काय करावं ते लिहायचं, असा खेळ होता. विश्वस्तांना खेळ भलताच आवडला. संध्याकाळपर्यंत भिंत दिसेनाशी झाली. योगवर्ग, संस्कृत उच्चारांचं ॲप, दवाखाना, मराठी ग्रंथालय, वधूवर मेळावा. बापूसाहेबांना त्यांच्या वडिलांच्या नावानं एक सभागृह हवं होतं. निखिलना रामनगरला मोठी नवी इमारत हवी होती, कारण यात्रेकरूंच्या बसगाड्या आमच्या गल्लीत येऊ शकत नाहीत आणि रामनगरला गाड्या लावायला जागा आहे. कल्पना वाईट नव्हती. ते नावेतून जाऊन जागाही बघून आले होते आणि स्वतः नकाशे काढत बसत होते.

या सगळ्याची मोट बांधून एक भलंमोठं वाक्य तयार झालं. उत्तर भारतातलं अग्रगण्य, सर्वांगीण, सांस्कृतिक असं काहीतरी. ते म्हणताना मध्ये श्वास घ्यावा लागायचा. त्याच्याबरोबर काही नवे नियमही आले आणि त्यातला एक ऐकून माझी जेवणावरची वासनाच उडाली. यापुढे खोल्या ॲपवरूनच मिळणार, आणि साठीच्या पुढच्या माणसानं एकट्यानं यायचं असेल तर नातेवाइकाचं संमतीपत्र आधी पाठवायचं, नाहीतर खोली नाही.

निखिलकडे कारण होतं. मागच्या वर्षी एकटे आलेले एक गृहस्थ आजारी पडले होते, आणि आम्ही रुग्णालयात नेऊन सगळं केलं तरी त्यांच्या मुलांनी संस्थेलाच धारेवर धरलं होतं. पण ज्याला विचारणारं कुणी नाही म्हणून जो एकटा निघालाय, तो संमतीपत्र कुणाकडून आणणार? मी हे बोलले. निखिल शांतपणे म्हणाले, "कुमुदताई, व्हिजन मोठं असलं की काही लहान गोष्टी मागे पडतात."

मी बापूसाहेबांकडे पाहिलं. ते चहाच्या कपात बघत होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी निवृत्त झाल्यावर हे दार एकट्या माणसाला बंद होणार, आणि मला फार वाईट वाटलं. आयुष्यभर मी जे केलं ते त्या भिंतीवरच्या एकाही चिठ्ठीवर नव्हतं.

पुढच्या दिवशी सकाळी शिवमूरत महाराज मला बोलवायला आले. "दीदी, एक बाबूजी दरवाजे पर बैठे हैं. मराठी हैं, अकेले हैं."

दारात एक सडपातळ म्हातारे गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. निखिल तिथेच होते, कारण आमच्याकडे फोनला रेंज फक्त दारात येते. गृहस्थ त्यांनाच सांगत होते, "मी वाशीमचा रामभाऊ जी. एसटीत कंडक्टर होतो. लय लॉज फिरलो. एकट्याले कोणी ठेवूनच नाही राहिलं. एकानं तुमचं नाव सांगितलं."

निखिल नम्रपणे म्हणाले की घर भरलं आहे, एकही खोली मोकळी नाही. हे खरंच होतं. मग निखिलची नजर समोरच्या खोलीत गेली. तिथे पडदा होता, खुर्च्या होत्या, बिस्किटांचे पुडे होते आणि भिंतभर चिठ्ठ्या होत्या. मीही तिकडेच बघत होते.  मी महाराजांना खुर्च्या गच्चीवर न्यायला सांगितल्या, तेव्हा पडदा निखिलनी स्वतःच उचलला. चिठ्ठ्या काढून गच्चीच्या कठड्यावर चिकटवल्या. खोलीत खाट आली, रामभाऊ आडवे झाले आणि त्यांनी पायांतले मोजे काढले, तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

आता सोबतीचा प्रश्न होता. घरात विश्वस्तांशिवाय माणूस नव्हतं. रामभाऊ बोलके होते, तेव्हा मला ऐकणारा हवा होता. तसा एकही विश्वस्त मला आढळला नाही, म्हणून ज्याला ऐकायची सवय लागायला हवी होती त्यालाच मी पाठवायचं ठरवलं.

निखिल म्हणाले, "ताई, माझं सत्र आहे."

"ते जेवणानंतर आहे," मी म्हटलं. "घरात जो मोकळा असेल तो सोबत जातो, ही इथली रीत आहे. नवे नियम लागू होईपर्यंत जुनेच चालतात."

ते गेले. घाटावर काय झालं ते मला पुढे दोघांनीही सांगितलं. काशीला यायचं रामभाऊंच्या पत्नीच्या मनात होतं. ते लांबत गेलं आणि आदल्या साली ती गेली. रामभाऊंनी गंगेत आधी तिच्या नावानं बुडी मारली, मग स्वतःच्या. नंतर त्यांनी सीताफळ सोडलं. ते त्यांचं जीव की प्राण होतं आणि अंगणातलं झाड पत्नीनं लावलेलं होतं. निखिलनी विचारलं की मग आता त्या फळांचं काय करणार? रामभाऊ म्हणाले, गल्लीतल्या पोरांले वाटीन, आतापर्यंत मी कोणाले हात लावू देत नव्हतो.

मग त्यांनी निखिलना विचारलं, "तुम्ही काय सोडलं जी?"

"मी यात्रेला नाही आलो, काका. मीटिंगला आलोय."

"मीटिंगले आले, तरी काशीतच आले ना."

निखिल परत आले तेव्हा त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती.  गच्चीवर बैठक भरली, सगळे खुर्च्यांवर बसले, तरी हे कठड्यावरच्या चिठ्ठ्यांपुढे उभेच. मृणालनी विचारलं, काय झालं? तेव्हा म्हणाले, "आपण सगळे काशीला आलोय. संस्थेनं इथे काय सोडलं?"

विश्वस्तांना आधी ही गंमत वाटली. मग एकेकानं सोडायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, संस्कृत उच्चारांचं ॲप सोडू. कुणी म्हणालं, वधूवर मेळावा सोडू. योगवर्गही गेला. ज्या चिठ्ठ्या कुणालाच नको होत्या त्या भराभर खाली आल्या आणि मंडळी एकमेकांकडे कौतुकानं बघू लागली. मला राहवेना. मी उठून साताऱ्याच्या त्या गृहस्थांचा किस्सा सांगितला. सगळे मनसोक्त हसले. मग हसू ओसरलं आणि कुणी कुणाकडे बघेना.

निखिलनी रामनगरची चिठ्ठी स्वतः काढली. "माझ्या आवडीचं हे होतं," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. मला त्यांचा फार अभिमान वाटला. बापूसाहेबांनी वेळ घेतला. मग काठी टेकत उठले आणि वडिलांच्या नावाची चिठ्ठी काढून चुरगळली नाही, नीट घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. म्हणाले, सभागृह नको, पण चिठ्ठी माझी मला राहू द्या.

कठडा बराचसा रिकामा झाल्यावर मृणालनी आमच्याकडे वळून विचारलं, आता तुमची नाव निघाली तो घाट कोणता, ते सांगा. यावेळी कुणाला विचार करावा लागला नाही. खाली दारासमोरच्या खोलीत रामभाऊ झोपले होते आणि त्यांचं घोरणं गच्चीपर्यंत येत होतं. बापूसाहेबांनीच सांगितलं आणि मृणालनी लिहून घेतलं. काशीत आलेला मराठी माणूस एकटा पडू नये, हे व्हिजन. आलेल्याला खोली, जेवण आणि सोबत, हे मिशन. मग त्यांनी समजावलं की पहिलं वाक्य कधीच पुरं होणार नाही, कारण उद्या कुणीतरी नवा एकटा येणारच. पण दुसरं वाक्य रोज रात्रीपर्यंत पुरं करता येतं. आणि रोज काय करायचं अन् काय नाही, हे पहिल्याला विचारून ठरवायचं. एवढ्या सोप्या गोष्टीला इतक्या चिठ्ठ्या का लागल्या, असं शिवमूरत महाराजांनी मला नंतर विचारलं. मी म्हटलं, लोकांना आधी सगळंच आवडतं, त्यातलं सोडायला वेळ लागतो.

संमतीपत्राचा नियम कुणी मुद्दाम रद्द केला नाही, तो त्या दोन वाक्यांशेजारी बसेचना. त्याऐवजी निखिलनी गल्लीतल्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं आणि आलेल्याकडून एखाद्या ओळखीच्याचा फोन नंबर घ्यायचा, एवढं ठरवलं.

मी अगदी समाधानात होते. चहा सांगायला उठणार, तोच बापूसाहेब म्हणाले, "कुमुदताई, तुम्ही काय सोडता?"

मी म्हटलं, आम्ही काशीकर. आम्हाला सोडायचं तर कुठे जायचं?

ते हसले नाहीत. म्हणाले की हे घर माझ्या नजरेवर चालतं, आणि ती नजर माझ्याबरोबर घरी जाईल तेव्हा हे मिशन कोण चालवणार? हा प्रश्न बरोबर होता. मी म्हणणार होते की हिशेबाचं काम सोडते, ते मला कधीच आवडलं नाही. पण कारल्याची गोष्ट मीच सांगून बसले होते. माझ्या आवडीचं काय, हे त्या गच्चीवर सगळ्यांना माहीत होतं. मी सोबत लावायचं काम सोडलं.

ते मैथिलीकडे गेलं. ही रामघाटावरच्याच एका वैदिक घरातली मुलगी, आमच्या कचेरीत कॉम्प्युटर बघायची. मला मावशी म्हणते, आणि अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलते. सुरुवातीला तिनं दोन बोलक्या वकिलांना एकत्र जोडलं आणि ते घसा बसवून परत आले. मला आधीच दिसत होतं काय होणार ते. मी जीभ चावून गप्प बसले. हापूस आंबा सोडणं सोपं असेल, पण पंगतीत फिरताना माणसं बघायची नाहीत, हे फार कठीण होतं. त्यानंतर वर्षभरानं मी निवृत्त झाले.

सगळंच गोड झालं असं नाही. बसगाड्यांतून येणारी मंडळी अजूनही सामान डोक्यावर घेऊन गल्ल्या तुडवत येतात, आणि त्यांना बघितलं की रामनगरची इमारत झाली असती तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात येतं. निखिल आले की आम्ही नावेतून पलीकडे जातो. ते त्या जागेकडे बघतात, मी लस्सी मागवते. तो विषय आम्ही काढत नाही. रामभाऊंचा मात्र दर वर्षी सीताफळाच्या दिवसांत फोन येतो. कोणत्या पोराला किती दिली, ते सगळं ऐकावं लागतं.

यंदा पावसाळ्यात मला बराच खोकला झाला. सकाळी एकटीनंच संकठा घाटावर जायची माझी जुनी सवय मोडली. बरं वाटल्यावरही पाय घराबाहेर निघेना. मग एक दिवस मैथिली दारात उभी राहिली. तिच्याबरोबर नऊवारी नेसलेल्या एक ठेंगण्या आजी होत्या.

"मावशी, ह्या चिपळूणच्या आजी," ती म्हणाली. "अकेल्या आल्यात. ह्यांना जरा घाटावर घेऊन जाल? मला ऑफिसात लौटायचंय."

मी लगेच चपला शोधल्या. खरं सांगते, मला आनंद झाला. अजूनही अडलं की मुलीला माझी आठवण होते, असं वाटलं. मी आजींना वाट दाखवत निघाले. कुठली पायरी निसरडी, कुठे म्हशी बसतात, संकठादेवीचं देऊळ कुठे, सगळं सांगत होते. आजी पायऱ्यांपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "काय गुणाची पोर हो ती. मला म्हणाली, आजी, संकठा घाटावर आमच्या एक मावशी एकट्या राहतात, आजारातून उठल्यात. घराबाहेरच पडत नाहीत. त्यांना सोबत हवी आहे, जाल का?"

 आजी मग त्यांच्या सुनेबद्दल सांगू लागल्या, नंतर वाशिष्ठीच्या पुराबद्दल आणि विहिरीवर नव्यानं बसवलेल्या पंपाबद्दल. त्या चांगल्याच बोलक्या होत्या. पायऱ्या उतरताना त्यांनी माझा हात धरला, आणि मी पाण्यापर्यंत नुसतं ऐकत गेले.